‘उर्फ’ आणि ‘आदा’ : ऑनलाइन खरेदीतील रूढिप्रामाण्याची एक चिकित्सा

ऑनलाइन खरेदीविक्रीचा इस्लामी विधिशास्त्राच्या, म्हणजे फिक्हच्या, दृष्टीने विचार करणारे लेखन गेल्या काही वर्षांत विपुल झाले आहे. इंडोनेशियात तर तो विद्यापीठीय प्रबंधांचा एक नित्याचा विषय होऊन बसला आहे. ह्या लेखनाची मांडणी बहुधा ठरलेली असते. प्रथम विक्रीच्या कराराचे घटक सांगावयाचे. मग त्यांतील एकेक घटक नव्या व्यवहारात कसा सापडतो हे दाखवावयाचे. आणि जेथे तो नीटसा सापडत नाही तेथे ‘रूढी ही निर्णायक होय’ ह्या सूत्राचा आधार घेऊन व्यवहार वैध ठरवावयाचा. प्रस्तुत लेखातील आक्षेप ह्या शेवटच्या पायरीवर आहे. सूत्र खरे आहे, पण ते जेथे लावले जाते तेथे रूढी म्हणून जे दाखविले जाते ती रूढीच आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारण्याचा अधिकार विधिज्ञाइतकाच भाषेच्या अभ्यासकालाही आहे; कारण ह्या सूत्राचे घटक शब्द आहेत आणि त्यांचे कार्य शब्दार्थाच्या कार्यासारखेच आहे.

उदाहरणे इंडोनेशियातील घेतली आहेत, त्याचे कारण सांगितले पाहिजे. भारतात करारविषयक व्यवहार १८७२ च्या करार कायद्याने आणि १९३० च्या मालविक्री कायद्याने चालतात. तेथे फिक्हचा प्रश्न श्रद्धावान ग्राहकाच्या वैयक्तिक आचरणापुरता उरतो. इंडोनेशियात मात्र हा प्रश्न सार्वजनिक चर्चेचा आहे. तेथील उलेमा परिषदेच्या राष्ट्रीय शरिया मंडळाने २०२१ साली ऑनलाइन बाजारपेठ, माल जवळ न बाळगता तो पुरवठादाराकडून परस्पर पाठविण्याचा धंदा आणि ऑनलाइन दुकान ह्या तिन्हींविषयी स्वतंत्र फतवे काढले. शिवाय तो देश प्रामुख्याने शाफिई पंथाचा आहे, आणि आपल्याकडील कोकणी मुसलमानांचा पंथही तोच. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही.

१

प्रथम शब्द पाहू. रूढीसाठी फिक्हमध्ये दोन शब्द येतात : ‘उर्फ’ आणि ‘आदा’. ‘उर्फ’ हा शब्द मराठी वाचकास नवीन नाही. एखाद्याचे पाळण्यातले नाव एक आणि लोकांत चालणारे नाव दुसरे असले, की ह्या दोन नावांमध्ये आपण ‘उर्फ’ लिहितो. मूळ अरबी शब्द ‘जाणणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जे लोकांना ठाऊक आहे, ते उर्फ. ‘आदा’ हा शब्द ‘परत येणे, पुन्हा करणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. उर्दूतील ‘आदत’ आणि इंडोनेशियन भाषेतील ‘अदात’ ही त्याचीच रूपे. एका शब्दाच्या मुळाशी ज्ञान आहे, दुसऱ्याच्या मुळाशी आवृत्ती आहे.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. बहुतेक विधिज्ञांनी हे दोन शब्द समानार्थी म्हणूनच वापरले आहेत, आणि केवळ धातूंच्या बळावर त्यांत भेद कल्पिणे योग्य होणार नाही. परंतु ज्या दोन गोष्टींकडे हे धातू बोट दाखवितात त्या दोन्ही रूढीच्या संकल्पनेत विधिज्ञांनी स्वतःच मागितल्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. ह्याचा पुरावा ‘मजल्ला’ ह्या उस्मानी संहितेत मिळतो. अहमद जेवदेत पाशा ह्यांच्या नेतृत्वाखाली १८६९ ते १८७६ ह्या काळात सिद्ध झालेली ही १८५१ कलमांची संहिता हनफी पंथाच्या मतांवर आधारलेली असून तुर्कस्तानात ती १९२६ पर्यंत अमलात होती. तिच्या आरंभीच्या शंभर कलमांत फिक्हची सर्वसामान्य सूत्रे एकत्र केली आहेत. ३६ वे कलम रूढीला निर्णायकाचे स्थान देते. तेथे शब्द ‘आदा’ आहे. ४१ वे आणि ४२ वे कलम ती रूढी अखंड किंवा बहुप्रचलित असली पाहिजे, विरळा नव्हे, अशी अट घालते. ही आवृत्तीची अट झाली. ४३ वे कलम मात्र असे सांगते, की उर्फाने जे ज्ञात आहे ते करारात अट म्हणून घातल्यासारखेच समजावे. येथे ‘ज्ञात’ ह्यासाठी योजलेला शब्द ‘मारूफ’ हा ‘उर्फ’च्याच धातूचे कर्मणी रूप आहे. न बोललेली गोष्ट बोलल्यासारखी का मानावयाची? तर ती दोघांनाही ठाऊक होती म्हणून. आवृत्तीने रूढी सिद्ध होते. पण ती बांधते ती ज्ञानामुळे.

आपल्याकडील शास्त्रविचाराशी ह्याचे साम्य लक्षणीय आहे. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन आपण आचारासंबंधी वापरतो. पण त्याचे जुळे भावंड ‘योगाद् रूढिर्बलीयसी’ हे शब्दार्थासंबंधी आहे. चिखलात जन्मणारे ते सारे पंकज असा अवयवार्थ असला, तरी पंकज म्हणजे कमळच, बेडूक नव्हे. इस्लामी विधिज्ञांनीही रूढीचे आचाराची रूढी आणि उक्तीची रूढी असे दोन प्रकार केले आहेत. ‘मांस खाणार नाही’ अशी शपथ घेतलेल्याने मासा खाल्ला तर शपथ मोडत नाही, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. कुराणात माशाला ताजे मांस म्हटले असूनही बोलीत ‘मांस’ म्हटल्यावर कोणी मासा समजत नाही, आणि शपथ बोलीत घेतली जाते. मजल्लाचे ४० वे कलम हेच तत्त्व सांगते : रूढीचा निर्देश असेल तेथे शब्दाचा मूळार्थ सोडावा. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विधिज्ञांच्या लेखी रूढी ही भाषेच्या जातीची वस्तू आहे. ती एकट्याची असू शकत नाही. एकाने ठरविली आणि दुसऱ्यास कळली नाही, तर तिला खासगी संकेत म्हणता येईल, रूढी म्हणता येणार नाही.

२

ऑनलाइन खरेदीत हे तत्त्व जेथे निर्विवाद लागू पडते असे एक स्थळ आहे, आणि तेथे रूढिवाद्यांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. ते स्थळ म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार. अरबीत त्यांना ‘ईजाब’ आणि ‘कबूल’ म्हणतात. दुसरा शब्द मराठीने केव्हाच कबूल केला आहे. मजल्लाचे १६९ वे कलम सांगते, की हे दोन्ही बहुधा भूतकाळी क्रियापदांनी व्यक्त होतात : ‘विकले’, ‘विकत घेतले’. भविष्यकाळी रूप केवळ वचन होय, आणि आज्ञार्थाने विक्री पुरी होत नाही, असे पुढील कलमांवरून दिसते. हे वाचून आपल्या बाजाराची आठवण व्हावी. आपल्याकडेही विक्रेता घासाघीस संपविताना, वस्तू अजून त्याच्याच हातात असता, ‘चला, दिले!’ असे म्हणतो. भूतकाळाचे हे रूप येथे घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाही. ते उच्चारल्यानेच गोष्ट घडते.

आता ऑनलाइन दुकानातील कळ पाहावी. इंडोनेशियात तीवर ‘बेली सकारांग’ असे शब्द असतात. म्हणजे ‘आता विकत घ्या’. दुकानाच्या तोंडी हा आज्ञार्थ झाला. पण ग्राहकाने कळ दाबताच ते त्याचे स्वतःचे ‘घेतले’ होते. शिवाय इंडोनेशियन क्रियापदाला काळाचे प्रत्ययच नाहीत. मग १६९ वे कलम तेथे कसे लावावयाचे? त्याचे उत्तर त्याच्या आधीच्या कलमात आहे. त्या गावच्या आणि त्या लोकांच्या रूढीत जे शब्द विक्री घडविण्यासाठी वापरले जातात तेच प्रस्ताव आणि स्वीकार होत, असे १६८ वे कलम म्हणते. म्हणजे भूतकाळाचा नियम हा स्वतःच अरबी बोलीतील एका रूढीचे वर्णन होता. ६९ वे कलम लेखनाला भाषणाची योग्यता देते. १७५ वे कलम शब्दावाचून केवळ देवघेवीने होणारी विक्री मान्य करते. शाफिई पंथात शब्दोच्चाराचा आग्रह पूर्वी अधिक होता. परंतु त्याच पंथातील थोर विधिज्ञ नववी (मृत्यू १२७७) ह्यांनी लोक ज्याला विक्री समजतात ती विक्री, असे मत पत्करले. १९९० साली जिद्द्याच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने तार, टेलेक्स आणि संगणकाच्या पडद्यावरून होणारे करार मान्य केले, तेही ह्याच परंपरेला धरून होते. तिने काही अपवाद मात्र ठेवले. त्यांत ‘सर्फ’, म्हणजे नाणी व सोनेचांदी ह्यांचा विनिमय, हा एक होता, कारण तेथे दोन्ही बाजूंचा ताबा जागच्या जागी द्यावा लागतो; आपला ‘सराफ’ ह्याच शब्दाच्या घराण्यातला.

कळ दाबणे म्हणजे विकत घेणे, हे आज विक्रेत्यास ठाऊक आहे, ग्राहकास ठाऊक आहे, आणि त्याच्या घरातील पोरासही ठाऊक आहे. आवृत्ती आहे आणि ज्ञानही आहे. ही खरी रूढी होय.

३

परंतु एवढ्यावरून ऑनलाइन व्यवहारातील प्रत्येक प्रघाताला रूढीची पदवी देता येत नाही. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सीओडी’ हे होय. माल घरी आल्यावर रोख पैसे देण्याच्या पद्धतीचे हे इंग्रजी आद्याक्षरी नाव इंडोनेशियन बोलीत पूर्णपणे मुरले आहे. मात्र तेथे त्याला दोन अर्थ आले. जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींवरून होणाऱ्या व्यवहारांत ‘सीओडी’ म्हणजे विक्रेत्याने आणि ग्राहकाने एखाद्या ठिकाणी समक्ष भेटावयाचे, वस्तू पाहावयाची, पटली तर पैसे द्यावयाचे, न पटली तर परत फिरावयाचे. मोठ्या बाजारपेठांनी हाच शब्द उचलला तेव्हा त्यांना एवढेच अभिप्रेत होते, की पैसे आगाऊ न देता माल आणणाऱ्याच्या हाती द्यावेत. पुडके फोडून पाहण्याची मुभा त्यात गृहीत नव्हती, आणि तक्रार असल्यास ती नंतर ठरलेल्या मार्गाने करावयाची होती. शब्द एक, पद्धत वरवर एक, आणि अर्थ मात्र दोन.

ह्याचा परिणाम काय झाला हे २०२१ साली सर्व देशाने पाहिले. पुडके फोडून, माल मनासारखा नाही म्हणून पैसे नाकारणारे आणि माल आणणाऱ्या पोऱ्याला घालूनपाडून बोलणारे ग्राहक दाखविणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरल्या. लोकमत बहुधा ग्राहकांना अडाणी ठरवून मोकळे झाले. परंतु पहिल्या अर्थाने ज्याला ‘सीओडी’ ठाऊक होते, त्या ग्राहकाने आपल्या भाषेतील रूढीप्रमाणेच वर्तन केले होते. त्याची शिवीगाळ निंद्य खरी, पण त्याचे आकलन चुकीचे म्हणता येत नाही. आणि सोसले कोणी? तर ज्याने ना वस्तू विकली ना अट लिहिली, त्याने. फिक्हमध्ये ‘वकील’ आणि ‘रसूल’ असा भेद आहे. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा मुखत्यार. रसूल म्हणजे केवळ निरोप्या. माल पोहोचविणारा हा निरोप्या आहे. करार मोडण्याचा वा बदलण्याचा अधिकार त्याला नाही. दोन अर्थांमधील अंतर त्याच्या पाठीवर टाकणे हा त्याच्यावरील अन्याय आहे, आणि रूढीच्या नावाने तो झाकला जातो.

येथे विधिशास्त्राची अडचणही खरी आहे. न पाहिलेली वस्तू घेणाऱ्यास, ती पाहिल्यावर व्यवहार ठेवण्याचा वा मोडण्याचा विकल्प हनफी पंथ देतो. मजल्लाच्या ३२० व्या कलमात तो आहे. ह्यापुढील ३२३ वे कलम ‘पाहणे’ ह्या शब्दाची फोड करते, आणि ती मोठी मार्मिक आहे : वस्तूचे मुख्य प्रयोजन ज्यावरून कळते ती स्थिती जाणणे म्हणजे पाहणे. तेव्हा पडद्यावरील चित्र पाहिले म्हणून कापड पाहिले असे होत नाही. शाफिई पंथाच्या प्रचलित मतानुसार न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूची विक्रीच वैध नाही. वर्णनावरून विकावयाचे तर ‘सलम’ हा करार करावा लागतो, आणि सलममध्ये पूर्ण किंमत आगाऊ द्यावी लागते. ‘सीओडी’त नेमके तेच नसते. वस्तूही पुढे मिळणार आणि पैसेही पुढे द्यावयाचे, म्हणजे उधारीच्या बदल्यात उधारी, आणि ती फिक्हला मान्य नाही. ह्यातून सुटण्याची सरळ वाट अशी, की मागणी नोंदविणे हे केवळ वचन समजावे आणि विक्री दारात, वस्तू पाहिल्यावर पूर्ण झाली असे मानावे. ही वाट धरली तर, गंमत अशी, की ‘अडाणी’ ग्राहकाचा अर्थ शास्त्राला अधिक जवळचा ठरतो. ‘सीओडी ही आता रूढी झाली आहे, सबब वैध’ असे एका ओळीत लिहिणाऱ्याने ह्या दोन रूढींपैकी कोणती, ह्याचे उत्तर दिले पाहिजे.

४

दुसरे उदाहरण अटींच्या पानाचे. खाते उघडताना ग्राहक एक लांबलचक मजकूर न वाचता मान्य करतो. हे सर्वत्र चालते, सबब ही रूढी आहे, आणि सबब तो मजकूर बांधतो, असा युक्तिवाद केला जातो. ह्यात न वाचण्याची आवृत्ती सिद्ध होते. मजकुराचे ज्ञान सिद्ध होत नाही. लोक नित्य न वाचता सही करतात एवढ्यावरून त्या पानातील कलमे ‘मारूफ’ होत नाहीत. उलट ती अज्ञात आहेत, हीच गोष्ट मारूफ होते.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अटी लेखी असल्यामुळे त्या स्पष्ट अटी होत. त्यांना रूढीच्या आधाराची गरजच नाही. हे म्हणणे विचारार्ह आहे. स्पष्ट उक्तीपुढे गर्भित सूचनेला स्थान नाही, असे १३ वे कलम सांगतेच. परंतु मग वादीने रूढीचे नाव घेऊ नये. स्पष्ट अट म्हणावयाची तर ती समोरच्यास कळल्याचे दाखवावे लागेल; रूढी म्हणावयाची तर ती समाजाला कळल्याचे दाखवावे लागेल. ‘लिहिली आहे म्हणून कळली, आणि न वाचणे रूढ आहे म्हणून मान्य झाली’ असे दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे राहता येणार नाही. मौनाचा आधारही येथे पुरत नाही. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्या तोंडी बसले आहे. पण मजल्लाचे ६७ वे कलम ह्याच्या उलट आरंभ करते. गप्प राहणाऱ्याच्या माथी कोणतीही उक्ती मारू नये, हा त्यातील सामान्य नियम. बोलणे आवश्यक असता राखलेले मौन हा अपवाद. भारताच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटींतून ग्राहकाची संमती नोंदविण्यास मनाई केली, तिच्यामागील विचार ह्या नियमाशी सहज जुळतो.

दुसरा आक्षेप असा, की ज्ञानाची अट घातली तर जो तो ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सुटेल. हा आक्षेप रूढीचे स्वरूप न समजल्यामुळे येतो. एखाद्या मराठी माणसास एखादा मराठी शब्द ठाऊक नसला म्हणून तो शब्द मराठीतून नाहीसा होत नाही. प्रश्न व्यक्तीच्या ज्ञानाचा नसून भाषक समाजाच्या ज्ञानाचा आहे. कोणता समाज, हे मात्र ठरविले पाहिजे. ४४ वे कलम व्यापाऱ्यांमध्ये जे ज्ञात आहे ते व्यापाऱ्यांमध्ये अटीसारखे समजावे असे म्हणते. बाजारपेठ आणि तिच्यावरील विक्रेते ह्यांच्यातील दलालीचे वा परताव्याचे प्रघात त्यांना आपापसांत बांधोत. ग्राहक त्या समाजाचा घटक नाही.

समाजाला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट ग्राह्य असते असेही नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ह्या अर्थाची पाटी इंडोनेशियाच्या दुकानांत पूर्वापार दिसते. आवृत्ती आणि ज्ञान दोन्ही तेथे आहेत. तरीही त्या देशाच्या १९९९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याच्या १८ व्या कलमाने माल परत घेण्यास नकार देण्याचा हक्क सांगणारी छापील अट निषिद्ध ठरविली. आणि सदोष वस्तू परत करण्याचा फिक्हमधील विकल्पही तशी अट सहजासहजी चालू देत नाही. ज्ञान ही रूढीच्या बंधकतेची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

५

दमास्कसचे हनफी विधिज्ञ इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) ह्यांनी रूढीवर आधारलेल्या निर्णयांविषयी एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. निर्णय देणाऱ्याने आपल्या काळच्या लोकांचे व्यवहार जाणले पाहिजेत, हा त्याचा गाभा आहे. आजच्या अभ्यासकांनी त्यांचे नाव वारंवार घेतले, पण त्यांनी सांगितलेले काम क्वचितच केले. रूढी ग्रंथांत सापडत नाही. ती लोकांत जाऊन शोधावी लागते. सूत्र उद्धृत करणे म्हणजे रूढी सिद्ध करणे नव्हे.

हे काम बोलींच्या पाहणीसारखे आहे, आणि त्याची पद्धतही तशीच असावी लागेल. ‘सीओडी’ म्हटल्यावर जाकार्तातील नोकरदारास आणि खेड्यातील वृद्धेस काय समजते, ह्याची नोंद घ्यावी. कोणती गोष्ट न घडल्यास ग्राहकास फसवणूक वाटते आणि कोणती न घडल्यास विक्रेत्यास, हे विचारावे. कारण रूढी मोडली की आश्चर्य वाटते, आणि आश्चर्य हीच रूढीची खूण होय. ज्या प्रघाताच्या भंगाचे आश्चर्य एकाच बाजूस वाटते, तो त्या बाजूचा संकेत समजावा. दोन्ही बाजूंस वाटेल, तेथेच ४३ व्या कलमाला हात घालावा.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. रूढीला प्रामाण्य देण्यात इस्लामी विधिज्ञांनी सामान्य माणसाच्या आकलनाला शास्त्रात जागा दिली होती. बाजारातील लोक जे समजून बोलतात आणि देतात-घेतात त्याला त्यांनी निर्णायकाचे आसन दिले. तेच सूत्र, ज्याला अटी लिहिण्याचे सामर्थ्य आहे त्याच्या सोयीसाठी आणि ज्याला त्या कळल्या नाहीत त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ लागले, तर त्यातील ‘आदा’ उरेल, ‘उर्फ’ निघून जाईल. आणि जाणीव निघून गेलेल्या आवृत्तीला रूढी न म्हणता केवळ सवय म्हणावे लागेल. तिला न्यायासनावर बसविण्याचे कारण कोणत्याही विधिज्ञाने अद्याप सांगितलेले नाही.